मदत हवी आहे: एफ-वनच्या टर्बोवरची मोटर खरंच फुकट वीज देते का?

नमस्कार मंडळी,

माझं काम डिझेल टर्बो दुरुस्तीचं. भाचा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारला त्याने २०१४ ते २०२५ मधलं फॉर्म्युला वनचं इंजिन घेतलंय आणि "मामा, तुला टर्बो कळतो ना" म्हणत माझ्या गळ्यात पडलाय. तीन रात्री वाचतोय, पण एका जागी अडलोय.

कळलं ते एवढं: १.६ लिटर व्ही-६, एकच टर्बो (एक्झॉस्टने फिरणारं टर्बाइन आणि त्याच शाफ्टवर इंजिनात हवा कोंबणारा कॉम्प्रेसर), आणि इंधन ताशी १०० किलोच्या वर सोडायचं नाही. म्हणजे पंप वाढवून पॉवर काढायचा आपला धंदा तिथे बंद. टर्बोच्या शाफ्टवर एक मोटर-जनरेटर, एमजीयू-एच (पुढे नुसतं एच), मिनिटाला सव्वा लाख फेऱ्यांपर्यंत. ड्रायव्हरने पाय काढला तरी ती टर्बो फिरता ठेवते, म्हणून लॅग, म्हणजे टर्बोला वेग घ्यायला लागणारा उशीर, जाणवत नाही आणि मोठा टर्बोही चालतो. (गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने हट्टाने पिकअपला मोठा टर्बो लावून घेतला. खंबाटकीच्या चढावर आधी नुसता काळा धूर, मग गाडी एकदम सुटायची. महिन्याभरात जुनाच परत बसवला.)

चाकांना जोर देणारी दुसरी मोटर, एमजीयू-के (पुढे के), १२० किलोवॉटची. बॅटरीतून तिला एका लॅपला ४ मेगाज्युलच मिळतात, म्हणजे जेमतेम ३३ सेकंद. पण एचकडून केकडे थेट जाणाऱ्या विजेला मर्यादाच नाही!

आता माझी अडचण. टर्बाइनवर जनरेटरचा भार टाकला की बॅक प्रेशर, म्हणजे एक्झॉस्टचा उलटा दाब, वाढणार, पिस्टनला एक्झॉस्ट ढकलायला जोर लागणार. मग क्रँकवर (पिस्टन फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा) गमावलं त्याहून जास्त वीज मिळते कशी? भाचा म्हणतो, वाया जाणारी उष्णता आहे, फुकट. मला ते पटत नाही. आणि होंडाचं २०१५ चं इंजिन इतकं का फसलं?

प्रतिसाद

दोघंही अर्धे बरोबर. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमध्ये बराच दाब शिल्लक असतो, तो एरवी वायाच जातो. टर्बाइन आधी त्यातलं खातं, म्हणून सुरुवातीला सौदा फायद्याचा. फार ओढलं की जळका गॅस सिलिंडरमध्येच अडकतो, नॉकिंग (इंधन अवेळी पेटून ठोके बसणं) वाढतं, क्रँक मार खातो. तो बिंदू डायनोवरच (इंजिनची ताकद मोजायचं यंत्र) शोधतात. शिवाय तो कायम एकच नसतो. पात्रता फेरीत उलटं करतात: बॅटरीच्या विजेने एच कॉम्प्रेसर फिरवते, वेस्टगेट (एक्झॉस्ट टर्बाइनला वळसा घालून सोडणारी झडप) उघडं, बॅक प्रेशर कमी, क्रँकला पूर्ण ताकद. एक-दोन लॅपपुरती बॅटरी रिकामी झाली तरी चालते.

होंडाने गाडीचा मागचा भाग निमुळता राहावा म्हणून कॉम्प्रेसर लहान करून व्हीच्या खाचेत, म्हणजे सिलिंडरच्या दोन रांगांच्या मध्ये, बसवला. एचकडून पुरेशी वीज मिळेना, लांब सरळ रस्त्यावर के मध्येच दम तोडायची. २०१७ साठी त्यांनी कॉम्प्रेसर इंजिनच्या पुढे आणि टर्बाइन मागे नेलं. मर्सिडीजने ही मांडणी २०१४ मध्येच केली होती.

धागाकर्ता

आभार! वेस्टगेट उघडं ठेवून बॅटरीवर कॉम्प्रेसर, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता शेपूट: २०२६ पासून एच काढून टाकली आणि के ३५० किलोवॉटची केली. मग लॅगसाठी टर्बो परत छोटा करायचा, की केचा जोर लॅग झाकून नेईल? परीक्षक हेच विचारणार असं भाच्याला वाटतंय, आणि सेमिनार शुक्रवारी आहे.