एका घासाचं तिखट-गोड : घरच्या कार्याला तुम्ही काय करता? (अनुभव धागा)

हल्ली घरच्या कार्याला पंगत मांडणं कमी झालंय. हळदीकुंकू, बारसं, डोहाळजेवण, नव्या घराची पूजा, काहीही असो, तीस-चाळीस माणसं दोन खोल्यांत उभ्या-उभ्या बोलत असतात. एका हातात ओटीचं सामान, नाहीतर तान्हं मूल. दुसऱ्या हाताने उचलावं आणि एका घासात संपावं असं काहीतरी लागतं. रस गळायला नको, बोटं तेलकट व्हायला नकोत, पैठणीवर डाग पडायला नको.

माझं पक्कं मत आहे की मोठा पदार्थ नुसता लहान कापला म्हणून तो एका घासाचा होत नाही. आकार बदलला की मीठ, तिखट, आवरण, ओलावा सगळं नव्याने बसवावं लागतं. जी काही चव द्यायची ती पहिल्याच घासात द्यायची असते. तेव्हा तुमच्या घरी, तुमच्या गावात काय करतात ते सविस्तर लिहा. नुसती नावं नकोत. आदल्या दिवशी काय उरकता, आयत्या वेळी काय करता, तेही सांगा. तिखट, गोड, सामिष सगळं चालेल.

पुण्याहून

लहान बटाटेवड्याबद्दल लिहिते, कारण तो सगळ्यांना सोपा वाटतो. वड्याचा व्यास निम्मा केला की तेवढ्याच सारणाला आवरण दुप्पट लागतं. गणित साधं आहे, पण तोंडात आधी बेसनच येतं आणि वडा तेलही जास्त पितो. म्हणून लिंबाएवढ्या वड्यांना मी पीठ नेहमीपेक्षा पातळ भिजवते. सोडा नाही. कडकडीत तेलाचं मोहन आणि चमचाभर तांदळाचं पीठ, बस. सारण मात्र चढं: आलं-लसूण-मिरचीचा ठेचा दीडपट, लिंबू सढळ हाताने, मीठ चाखून किंचित पुढेच.

बटाटे आदल्या रात्री उकडून, सोलून पूर्ण गार होऊ द्यायचे. गरम बटाट्याचे गोळे वळले की आतली वाफ तळताना आवरण फोडते. गोळा वळताना पोटात चिमूटभर कोरडी लसणाची चटणी ठेवते, लसूण, सुकं खोबरं आणि लाल तिखट कुटून केलेली. मग वाटीत बुडवायची भानगडच उरत नाही, आणि चावल्यावर मधोमध लाल टिंब दिसतं. पाहुणे हमखास विचारतात. तळण मात्र माणसं आल्यावरच. तळलेले वडे डब्यात झाकले की मऊ पडतात. चाळणीवर एकेरी थर द्यायचा आणि वर काहीही झाकायचं नाही.

नाशिकहून

अळूवडी आयतीच एका घासाची आहे, फक्त उंडा, म्हणजे पीठ लावलेल्या पानांची गुंडाळी, बारीक हवा. पाच-सहा मोठ्या पानांऐवजी तीन लहान पानं घेते. काळसर देठाचं वडीचं अळू, पानं पालथी, जाड शिरा सुरीने तासून वरून लाटणं फिरवलेलं. बेसन, थोडं तांदळाचं पीठ, तीळ, ओवा, तिखट, गूळ आणि चिंचेचा कोळ. चिंचेत काटकसर करू नका. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक टोकदार स्फटिक असतात, घशाला खवखव होते ती त्यांनीच. आंबटही हवं आणि उकडणंही नीट हवं, म्हणून उंडा बारीक असला तरी वीस मिनिटं देतेच.

उंडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचे. गार उंडा धारदार सुरीने कापला की चकत्या उलगडत नाहीत. अर्ध्या इंचाच्या चकत्या तव्यावर थोड्या तेलात दोन्हीकडून खरपूस करायच्या, वर मोहरी-तिळाची फोडणी. ओलं खोबरं अगदी बेताचं, उभ्याने खाताना ते खाली सांडतं.

न्यू जर्सीहून

इथल्या दुकानांत फ्रोझन विभागात फिलोच्या, म्हणजे कागदासारख्या पातळ मैद्याच्या पापुद्र्यांच्या, तयार इवल्या वाट्या मिळतात. मंडळाच्या कार्यक्रमांना मी त्यात श्रीखंड भरून नेते. ग्रीक योगर्ट घट्ट दिसतं, पण साखर घातली की पाणी सोडतं. म्हणून तेही फडक्यात बांधून, चाळणीत ठेवून रात्रभर फ्रिजमध्ये निथळते. साखर दळलेली आणि नेहमीपेक्षा कमी, कारण वाट्यांना आतून वितळलेल्या व्हाइट चॉकलेटचा पातळ हात द्यायचा असतो. तो सुकला की ओलावा वाटीत शिरत नाही आणि ती कुरकुरीत राहते. श्रीखंड केशर-जायफळ घालून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून नेते, आणि हॉलवर पोचल्यावर कोपरा कापून वाट्या भरते. घरून भरून नेण्यात अर्थ नाही.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्येक ताटासमोर चिठ्ठी ठेवा. शेंगदाण्याची, काजू-पिस्त्याची अॅलर्जी असलेल्या मुलाला एक घासही जिवावर बेतू शकतो. आपल्या स्वयंपाकात दाण्याचं कूट इतकं सवयीचं आहे की साबुदाणावड्यात दाणे असतात हे कुणाला सांगायला हवं, असं आपल्या मनातही येत नाही. पिस्त्याच्या वाट्या मी वेगळ्या ताटात ठेवते आणि तिथला चमचाही वेगळा.

डोंबिवलीहून

मी घरगुती कार्यांच्या ऑर्डरी घेते, म्हणून अंदाजाचं लिहिते. पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा नग पुरतात. हेच जेवण असेल तर दहा ते बारा धरा. प्रकार चारच ठेवा: एक गरम, दोन गार तिखट, एक गोड. तळणीचे दोन प्रकार ठेवले की घरची एक बाई पूर्ण वेळ कढईपाशी अडकते, आणि बहुतेक वेळा कार्य तिच्याच लेकीचं असतं. मला ते बघवत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणालं तरी मी दुसरी तळण घेत नाही, त्याऐवजी वाफवलेलं काहीतरी सुचवते.

दूध, चक्का, खवा, अंडं, कोळंबी घातलेलं काहीही दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर तासाभरातच उचला. सगळं एकदम मांडण्यापेक्षा निम्मं आत ठेवावं आणि पहिली ताटं संपली की दुसरी काढावीत. चटणी सँडविचचे तुकडे करणार असाल तर लोणी पावाच्या काठापर्यंत लावा, म्हणजे चटणीचं पाणी पावात मुरत नाही. कापल्यावर ओल्या, घट्ट पिळलेल्या फडक्याखाली ठेवा, नाहीतर कडा वाळतात.

कोल्हापूरहून

आमच्याकडे भडंग. जाड कागदाचे कोन वळून ठेवायचे, भडंग आदल्या दिवशी करून घट्ट झाकणाच्या डब्यात. लसूण कुरकुरीत तळलेला, शेंगदाणे, कढीपत्ता, तिखट-मीठ आणि पिठीसाखर नावापुरती. कांदा-कोथिंबीर आधी मिसळायची नाही, वाटीत बाजूला ठेवायची. ज्याला हवी त्याने कोनात वरून घालून घ्यावी.

इंदूरहून

इथल्या मराठी घरांत हिवाळ्यातलं कार्य म्हटलं की गराडू आलाच. हा कंद सोलताना हाताला खाज सुटते, म्हणून आधी हाताला तेल लावायचं. लहान चौकोनी तुकडे मिठाच्या पाण्यात अर्धवट शिजवायचे, निथळून कोरडे करायचे आणि मंद आचेवर एकदा तळून ठेवायचे. इथपर्यंतचं काम सकाळी होतं. माणसं जमली की कडक तेलात दुसऱ्यांदा तळायचे. बाहेरून खुसखुशीत, आतून लोण्यासारखे मऊ होतात. वर जिरावन हा इथला चटपटीत मसाला भुरभुरायचा आणि लिंबू सढळ पिळायचं. थंडीत इथल्या सराफा बाजारात रात्री गराडू खाल्लेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

खोपरा पॅटीसही लहान करता येतात. ओलं खोबरं, हिरवी मिरची, काजू, किसमिस यांचं सारण आणि बाहेर उकडलेल्या बटाट्याचं आवरण. बटाटा जुना घ्या. नवा चिकट होतो, नीट वळला जात नाही आणि तळताना लवकर काळा पडतो.

नागपूरहून

आमची सांबारवडी. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त आणि कोवळी असते, तेव्हाच करावी. निवडून, धुऊन फडक्यावर पूर्ण सुकवायची, अगदी देठाशीही ओल राहायला नको. सुकं खोबरं, खसखस, तीळ, चारोळी, लसूण-मिरची परतून घ्यायची आणि कोथिंबीर गॅस बंद करून शेवटी मिसळायची. पारीला आतून चिंच-गुळाच्या पाण्याचा आणि मसाल्याचा हात लावायचा. नेहमीची वडी बोटभर लांब असते, मी दोन पेरांची करते आणि कडा दोनदा दुमडते. मंद आचेवर तळायची. आदल्या दिवशी गुलाबीसर तळून ठेवल्या तर आयत्या वेळी दुसरी तळण पाच मिनिटांत होते. सोबत कढी मात्र हवीच. लहान पेल्यांतून दिली की उभ्याने पिता येते.

मुंबईहून

दातांची तक्रार असलेल्या मंडळींचा विचार फारसा होत नाही, म्हणून आमच्या सीकेपी घरातलं निनावं सुचवते. हे श्रावणातलं, पण कार्याला कधीही करावं. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ आणि कणीक तुपावर खमंग भाजून, नारळाच्या दुधात विरघळवलेल्या गुळात शिजवायची, वेलची-जायफळ घालायचं आणि मिश्रण थापून खालून-वरून शेकायचं. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, आता ओव्हन. पूर्ण गार झाल्यावरच कापायचं. इंचभराचे चौकोन पडतात, जिभेवर विरघळतात, आणि दुसऱ्या दिवशी चव जास्तच चांगली लागते. माझ्या सासूबाई ताटातलं बाकी सगळं सोडून हेच घेतात.

जळगावहून

भरीत-पुरी एका घासाची करता येते हे सांगायला आले आहे. कळण्याचं पीठ, म्हणजे ज्वारी आणि उडीद मीठ घालून दळलेलं. घट्ट मळून मोठी पोळी लाटायची, लहान झाकणाने गोल पाडायचे आणि तळून घ्यायचे. भरताला आमची हिरवी पांढुरकी वांगी, असोदा-बामणोदकडची. भाजून, सोलून लाकडी बडगीत ठेचायची. भाजलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण, तेलात परतलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो अजिबात नाही.

पुरीवर चमचाभर भरीत आणि वर एक अख्खा तळलेला दाणा ठेवायचा. पुरी मऊ पडायला वेळ लागत नाही, म्हणून दहा-दहाच्या खेपा लावायच्या. हे काम घरातल्या मुलांना द्या. मांडताना निम्म्या तीच खातात, तेवढ्या जास्त करा.

रत्नागिरीहून

मे महिन्यात मुंजी असतात आणि तेव्हाच बरका फणस. त्याची सांदणं लहान इडलीपात्रात करतो. तांदळाचा रवा किंचित भाजून फणसाच्या रसात भिजवायचा, गूळ, मिठाची कणी, हळद घालून मुरू द्यायचा. सांदणं नारळाच्या दुधाबरोबर खायची, पण उभ्याने ते जमत नाही. म्हणून भिजवतानाच दाट नारळाचं दूध आणि ओलं खोबरं पिठात घालतो. मग वरून काही लागत नाही. रस डब्यात गोठवून ठेवला तर गणपतीतही होतात.

पणजीहून

नाताळात आमच्या शेजारच्या घरांतून कुस्वाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट येतं. त्यात सगळंच एका घासाचं: नेवऱ्या, कलकल, बोलिन्यास, दोदोलचे तुकडे. कलकल मी त्या घरच्या आजीकडून शिकले. मैदा, अंडं, नारळाचा घट्ट रस, थोडं तूप. सुपारीएवढी गोळी काट्याच्या पाठीवर अंगठ्याने दाबत पसरायची आणि तशीच गुंडाळून सोडवायची. काट्याच्या रेषा बाहेरून उमटतात आणि नंतर साखरेचा पाक त्या रेषांत धरतो. एकटीने करायचं काम नाही हे, सगळ्या जणी टेबलाभोवती बसतात तेव्हाच परात भरते.

तिखटात कोळंबीचे रिसॉइस. मैद्याची उकड काढून लाटायची, आत पांढऱ्या सॉसमधली कोळंबी, अर्धचंद्राकार कापून कडा दाबायच्या, मग अंड्यात आणि पावाच्या चुऱ्यात घोळवायचे. कच्चेच फ्रीझरमध्ये ठेवता येतात आणि तसेच थेट तेलात सोडता येतात. सारण गार आणि घट्ट असेल तरच भरा, नाहीतर तेलात फुटतात.

पुण्याहून, परत

जळगावच्या ताई, हिरवी वांगी इथे दर वेळी मिळत नाहीत. जांभळ्या भरताच्या वांग्यांनी चालेल का?

जळगावहून, परत

चालेल ताई, पण त्याला पाणी फार सुटतं. भाजून सोलल्यावर अर्धा तास चाळणीत निथळत ठेवा आणि मग ठेचा. मिक्सर नको, लगदा होतो. बिया कडू लागल्या तर तेवढा भाग काढून टाका, आणि मीठ पुऱ्या मांडायच्या आधी शेवटी घाला.