पाकिटामागचा तक्ता वाचता का? अनुभव लिहा

ठाणे-नवी मुंबईकरांनो, पाकीटबंद खाण्यावरचा पोषणमूल्यांचा तक्ता वाचून तुम्हाला नेमकं काय कळतं? त्यामुळे घरी काही बदललं का? सुरुवात मी करते. नौपाड्यातल्या आमच्या नेहमीच्या दुकानात सासूबाई हिरवा ठिपका बघतात, तारीख बघतात, की पाकीट पिशवीत. पुढचं वाचणार कसं? अक्षरं इंग्रजी आणि मुंगीएवढी, सोडियमचा आकडा तर नेमका पाकिटाच्या जोडात दुमडलेला. नियमाला इंग्रजी किंवा हिंदी पुरते, मराठीची सक्ती नाही. ती असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे.

ऐरोली: मुलगा आंब्याच्या पेयाची ६०० मिलीची बाटली एका दमात संपवायचा. मागे लिहिलेलं, साखर १२ ग्रॅम. बायको म्हणाली, तीन चमचेच तर आहे. पण तो आकडा १०० मिलीचा! बाटलीभर झाली ७२ ग्रॅम. त्याच्यासमोर वाटीत अठरा चमचे साखर मोजून ओतली, तेव्हा गप्प झाला. तक्त्यातली टक्केवारी, म्हणजे दिवसभराच्या प्रमाणातला किती वाटा एका वेळच्या खाण्यातून मिळतो ते, काढताना मोठ्या माणसासाठीसुद्धा वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच धरतात.

वाशी: बाबांना बीपी आहे, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलंय. शेवेच्या पाकिटावर ते मीठ शोधत बसले. तिथे असतं सोडियम, तेही मिलिग्रॅममध्ये. त्याला अडीचने गुणायचं. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १०० ग्रॅम शेवेत २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभराचं सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत हवं. हा हिशेब बाबांनी फडताळाच्या दाराला आतून चिकटवलाय.

कळवा: घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, एवढं कळलं तरी पुष्कळ. पुढे गव्हाची ओंबी, मागे पहिलं नाव मैदा.

कोपरखैरणे: माझं किराणा दुकान आहे. गिऱ्हाईक पाकीट उलटं करतं ते एमआरपी आणि तारखेसाठी. शुगर असलेले काका-काकू ‘साखर नाही’ छापलेली बिस्किटं मागतात. मी त्यांना कर्बोदकांची ओळ बोट ठेवून दाखवतो, मैदा आहेच ना त्यात! एखादा पुडा कमी खपतो, पण ही रोजची माणसं आहेत.

घणसोली: तक्त्यातली ती टक्केवारी दिवसाला २००० किलोकॅलरी खाणाऱ्या प्रौढ माणसाची. आमची लेक सहा वर्षांची आहे. तिच्या डब्यासाठी कोणता आकडा धरायचा? इथे कोणी आहारतज्ज्ञ असतील तर कृपया लिहा.