‘एलिअनेशन’ला मराठीत काय म्हणायचं: परात्मता, दुरावा की आणखी काही?

इटालियन दिग्दर्शक मिकेलांजेलो आन्तोनिओनीच्या सिनेमांवर एक टिपण लिहितोय. ‘एलिअनेशन’साठी, म्हणजे माणसाला आपलं जगच परकं वाटण्यासाठी, ‘परात्मता’ लिहिलं, तर मैत्रिणीने समासात विचारलं, “हे अध्यात्मातलं का?” ‘एकटेपणा’ लिहावं, तर ही माणसं सतत पार्ट्यांत आणि गर्दीत. काय लिहू?

---

‘परात्मता’ चूक नाही, पण तो मार्क्सच्या चर्चेत रुळलेला शब्द. कामगाराने घडवलेली वस्तू त्याच्याच पुढे परकी होऊन उभी राहते, हा त्यातला अर्थ. आन्तोनिओनीची माणसं कामगार कुठे आहेत? वास्तुविशारद, लेखक, शेअर दलाल!

याच शब्दाच्या इटालियन रूपाला, ‘आलिएनात्सिओने’ला, मात्र जुने पदर आहेत. कायद्यात मालमत्ता दुसऱ्याच्या नावे करणं, म्हणजे आपलं ‘अन्यसंक्रामण’. आणि जुन्या वैद्यकात चक्क वेड. (अवांतर: इंग्रजांच्या महसुली दप्तरातली ‘एलिअनेटेड’ गावं म्हणजे आपली दुमाला, महसूल दुसऱ्याला तोडून दिलेली गावं. कोल्हापूरकडच्या शिरोली दुमालाच्या नावात तो शब्द अजून आहे.)

१९६२पर्यंत तिकडे हा शब्द इतका बोकाळला होता, की त्या वर्षीच्या दीनो रीझीच्या ‘इल सोर्पासो’ सिनेमात नायक ब्रूनो गाडी चालवता चालवता त्याची टर उडवतो. एका गाण्यात म्हणे सगळं आहे, एकाकीपण आहे, आणि ती हल्लीची फॅशन, आलिएनात्सिओनेसुद्धा. आन्तोनिओनीचा ‘लेक्लिस्से’ बघताना आपण मस्त डुलकी काढली, हेही सांगून टाकतो. ‘लेक्लिस्से’ त्याच वर्षीचा!

---

सरळ ‘दुरावा’ लिहा की. आन्तोनिओनीच्या ‘ला नोत्ते’च्या (१९६१) शेवटी लिदिया नवऱ्याला एक प्रेमपत्र वाचून दाखवते. तो विचारतो, कुणी लिहिलंय? त्यानेच लिहिलेलं असतं. याहून दुरावा तो काय असतो?

---

‘ला नोत्ते’पुरतं मान्य. पण दुराव्याला आधी जवळीक लागते, आणि समोर कुणीतरी लागतं. ‘लेक्लिस्से’मधला रोमचा शेअरबाजार आठवा. वारलेल्या दलालासाठी सगळे मिनिटभर गप्प उभे राहतात आणि फोन खणखणत राहतात. यात कोण कुणापासून दुरावलं? किंवा तो शेवट: नायिका वित्तोरिआ आणि तिचा प्रियकर पिएरो ठरल्या जागी येतच नाहीत. साताएक मिनिटं कॅमेरा नुसता तिथे हिंडतो. पाण्याचं पिंप, त्यात तरंगणारा लाकडाचा तुकडा, बस, शेवटी रस्त्यावरचा दिवा. इथे मी ‘तुटलेपण’ म्हणेन. ‘उपरेपण’ नको. उपऱ्याला गाव बाहेर ठेवतं. यांना कुणी बाहेर ठेवलेलं नाही, घरं-गाड्या सगळं यांचंच आहे.

आणि त्याच्याच ‘इल देझेर्तो रोस्सो’ला (१९६४) तर वरच्या प्रतिसादातला वैद्यकातला पदरच जवळचा. रावेन्नाचे कारखाने, करडं रंगवलेलं गवत, आणि नायिका जुलिआना सांगते, माझे केस दुखतात.

---

मूळ धागाकर्ता: म्हणजे एकच शब्द सगळीकडे चिकटवायचा हाच माझा घोळ होता. ‘ला नोत्ते’ला दुरावा, ‘लेक्लिस्से’ला तुटलेपण. परात्मता एका तळटीपेत जाईल. मैत्रिणीला विचारलं तर म्हणाली, “त्या वित्तोरिआचा कशात जीवच लागत नाही, एवढंच लिही ना.” टिपणाचं पहिलं वाक्य तेच केलंय. केस दुखण्याला मात्र नाव देत नाही, तसंच ठेवतो.