मदत हवी आहे: कार्डाच्या पॉइंटांवर आई-बाबांना मुंबईहून नेवार्कला आणायचंय
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत, आई-बाबा सांगलीला. मे महिन्यात लेकीचा पहिला वाढदिवस आहे, आणि दोघांनी अजून तिला मांडीवर घेतलेलं नाही.

मी नवीन क्रेडिट कार्ड घेतलंय. ३ महिन्यांत ४,००० डॉलर खर्च केले की ६०,००० पॉइंट. उगाच खरेदी केली नाही. गाडीचा विमा, किराणा, वीजबिल असं सगळं त्यावर टाकलं. पाळणाघराची फी मात्र नाही, कारण कार्डाने भरल्यास ते ३ टक्के जास्त घेतात. बिल दरमहा पूर्ण फेडते. २० टक्क्यांच्या वर व्याज भरून तिकीट स्वस्त कसलं?

आता अडलंय ते पुढे. विमान कंपन्यांच्या पॉइंट योजनेत कार्डाचे पॉइंट टाकून त्यावर तिकीट काढता येतं. ते एअर कॅनडाच्या एरोप्लान योजनेत टाकू की एअर फ्रान्स-केएलएमच्या फ्लाइंग ब्लूमध्ये? एकदा टाकले की परत येत नाहीत, म्हणून हात थरथरतोय. व्हर्जिन अटलांटिकचंही पाहिलं, पण सरचार्जचा, म्हणजे पॉइंटांशिवाय वर रोख भरायच्या रकमेचा, आकडा बघून सोडून दिलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, व्हीलचेअर लागते, त्यामुळे एकच थांबा हवा आणि तोही निवांत, धावपळीचा नको. पॅरिस की अॅमस्टरडॅम, म्हाताऱ्या माणसांना कुठे सोपं जातं?

दुसरं, नवऱ्याने माझ्या रेफरलने (म्हणजे माझ्या शिफारशीच्या लिंकवरून) तेच कार्ड घ्यावं का? त्याची दोन वर्षांत ३ नवी कार्डं झालीत. कार्ड देणारी चेस बँक २४ महिन्यांत ५ किंवा जास्त नवी कार्डं झाली असली की सहसा अर्ज नाकारते, म्हणून जपून विचारतेय.

ज्यांनी आई-वडिलांना असं आणलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बाबा रोज फोनवर तारीख विचारतात.