मदत हवी आहे: हायब्रिड इन्फ्लेशनच्या प्रारंभिक अटींचा नकाशा जवळजवळ रिकामा का येतो?

पाषाणची वाटसरू:
नमस्कार. मी पुण्यात भौतिकशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला असून शुक्रवारी प्रकल्प सादर करायचा आहे. हायब्रिड इन्फ्लेशनमध्ये, म्हणजे प्रारंभिक विश्वाचे अतिवेगवान प्रसरण दोन क्षेत्रांनी घडवणाऱ्या प्रतिमानात, त्या दोन्ही क्षेत्रांच्या कोणकोणत्या प्रारंभिक मूल्यांपासून ६० ई-फोल्ड (एका ई-फोल्डमध्ये विश्व सुमारे २.७ पट ताणते) मिळतात, याचा नकाशा मी पायथनमध्ये काढला आहे. २०० गुणिले २०० बिंदूंपैकी यशस्वी ठरते ती अक्षाला चिकटलेली एक अरुंद पट्टी, बाकी सगळे काळे. समीकरणे तीनदा तपासली, काळाची पायरी दहापट लहान केली, तरी चित्र बदलत नाही. चूक कुठे आहे, हे कृपया लवकर सांगावे.

कोथरूडकर:
विभव (क्षेत्रांच्या मूल्यांनुसार ऊर्जा सांगणारे सूत्र) कोणते घेतले, स्थिरांक किती, क्षेत्रांची मूल्ये कुठून कुठपर्यंत आणि प्रारंभीचा वेग किती, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. एवढ्या माहितीवर चूक शोधता येणार नाही.

जुना अध्यापक:
मुळात इन्फ्लेशन कशासाठी मांडले गेले, हे आधी नीट समजून घ्यावे. वैश्विक पार्श्वप्रारणाचे, म्हणजे महास्फोटानंतर उरलेल्या प्रारणाचे, तापमान आकाशात सर्वत्र २.७२५ केल्विन आहे आणि त्यातील चढउतार लाखात एक इतकेच आहेत. ज्या भागांचा एकमेकांशी कधीच संपर्क आला नसावा, ते इतके सारखे कसे, या प्रश्नाला ॲलन गुथ यांनी १९८१ मध्ये वेगवान प्रसरणाचे उत्तर दिले. मात्र १९९१ मध्ये नारळीकर आणि पद्मनाभन यांनी लिहिलेला चिकित्सक आढावाही पुण्यातील विद्यार्थ्याने वाचलेला असावा, असे मला मनापासून वाटते.

पाषाणची वाटसरू:
सर, तो भाग माझ्या पहिल्या प्रकरणात आहे. कोथरूडकर, विभव हे प्रतिमान मांडणाऱ्या आंद्रेई लिंडे यांचे मूळचेच आहे. फाय हे हळूहळू उतरणारे क्षेत्र आणि सिग्मा हे धबधब्याचे क्षेत्र. दोन्ही युग्मांक (परस्परक्रियांची तीव्रता) १, विभवातील मोठे एम ०.०३ प्लांक वस्तुमान (क्षेत्रे मोजायचे एकक) आणि लहान एम, म्हणजे फायचे वस्तुमान, त्याच एककात दशलक्षांश. क्षेत्रे ० ते १ प्लांक वस्तुमान, वेग शून्य.

गणकयंत्री:
जाळी टाकणे सोडून द्या आणि मार्कोव्ह साखळीची मॉन्टे कार्लो पद्धत, म्हणजे यादृच्छिक पावलांनी बिंदू निवडणारी पद्धत, वापरा. क्लेस, रिंजेव्हाल आणि रोशे यांनी २००९ मध्ये याच प्रश्नासाठी ती वापरली होती. वेग आणि स्थिरांकही त्यात बदलता येतात, म्हणजे एकाच फटक्यात सगळे हाताशी येते.

कोथरूडकर:
गणकयंत्री, दोन मितींसाठी साखळीची गरज नाही. शिवाय बिंदू यशस्वी की अयशस्वी हे ठरवण्याचा नियमच चुकला असेल, तर साखळीही तोच रिकामा नकाशा अधिक सफाईने काढून देईल. धागाकर्तीला माझे दोनच प्रश्न आहेत. गणना नेमकी कधी थांबवता, आणि पट्टीबाहेर एकही यशस्वी बिंदू दिसला नाही का?

पाषाणची वाटसरू:
फाय निर्णायक मूल्याखाली, म्हणजे ०.०३ च्या खाली गेले, की थांबवते. इन्फ्लेशन तिथेच संपते, असे सगळीकडे लिहिलेले आहे. पट्टीबाहेर वीसेक सुटे ठिपके होते. ते आकडेमोडीतील गोंगाट असावेत असे वाटल्याने, आकृती स्वच्छ दिसावी म्हणून मी ते पुसून टाकले.

कोथरूडकर:
ते ठिपके कृपया परत आणा. आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यांतच आहे. सिग्मा शून्य असताना फायच्या दिशेने जाणारी जी सपाट घळ आहे, तिच्यातून संथपणे उतरणाऱ्या विश्वासाठीच आपला थांबण्याचा नियम खरा आहे. तिथे फाय निर्णायक मूल्याखाली गेले, की सिग्माच्या वस्तुमानाचा वर्ग ऋण होतो आणि क्षेत्र धबधब्यासारखे कोसळते. परंतु घळीच्या बाहेर, उंच उतारावर सोडलेले क्षेत्र असे शिस्तीत चालत नाही. क्षेत्रांच्या आंदोलनांच्या मानाने प्रसरणाचे घर्षण तिथे अपुरे असते, त्यामुळे ते तळाकडे धावते, फायचे शून्य ओलांडून पलीकडे जाते, समोरच्या उतारावर आपटून परत फिरते आणि अशा दहा-वीस हेलकाव्यांनंतर कधीकधी नेमके घळीच्या तोंडातून आत शिरून वर चढते. वर गेल्यावर वेग संपतो, मग ते संथपणे खाली येऊ लागते आणि आपले ६० ई-फोल्ड तिथे मिळतात. आपण पहिल्याच हेलकाव्याला त्याला मृत घोषित करत आहात. थांबायचे ते क्षेत्रांची गतिज आणि स्थितिज मिळून एकूण ऊर्जा विभवातील दोन खड्ड्यांमधल्या उंचवट्यापेक्षा कमी झाल्यावर, कारण त्यानंतर ते त्या खड्ड्यांपैकी एकात अडकते आणि परतीची वाट उरत नाही. आपल्या आकड्यांत हा उंचवटा ०.०३ चा चौथा घात भागिले ४ इतका येतो. तेट्राडिस यांनी १९९८ मध्ये आणि मेंडेस व लिडल यांनी २००० मध्ये पट्टीबाहेरचे असे बिंदू सुटेसुटेच पाहिले होते. ते सलग प्रदेशांचे भाग आहेत, हे क्लेस आणि रोशे यांनी नंतर दाखवले.

सिंहगड पायथा:
ज्याचा वर्णपट निरीक्षणांशी जुळत नाही, त्या प्रतिमानावर एवढा वेळ का घालवावा? या स्थिरांकांना घळीतील इन्फ्लेशनचा वर्णपटांक (लहान-मोठ्या मापांवरील चढउतारांची तुलना सांगणारा आकडा) १ च्या किंचित वर येतो, तर प्लांक उपग्रहाच्या २०१८ च्या निष्कर्षांत तो ०.९६५ आहे. स्टारोबिन्स्की यांचे १९८० चे प्रतिमान घ्या. ते निरीक्षणांत उत्तम बसते आणि सुरुवातीची अशी सूक्ष्म जुळवणीही त्याला लागत नाही.

खोडद रेडिओ:
वर्णपटाचे म्हणणे मान्य आहे, पण जुळवणी लागत नाही हे मान्य करता येणार नाही. स्टारोबिन्स्की प्रतिमानातील विभवाचा सपाट भाग, म्हणजे पठारही, प्लांक घनतेच्या (जिच्यावर गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम टाळता येत नाहीत त्या घनतेच्या) कितीतरी खाली आहे, आणि इज्जास, स्टाइनहार्ट व लोब यांनी २०१३ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला होता. या धाग्यात मला खरी अडचण तीच दिसते. धागाकर्तीच्या घळीतील ऊर्जाघनता प्लांक घनतेच्या सुमारे पन्नास लाखांवा भाग आहे. म्हणजे प्लांक काळापासून घनता इतकी उतरेपर्यंत विश्वाचा एक पुरेसा मोठा तुकडा एकजिनसी राहायला हवा आणि त्याआधी तो कोसळताही कामा नये. वाचस्पती आणि ट्रॉडन यांनी दाखवले आहे, की इन्फ्लेशन सुरू होण्यासाठी हबल त्रिज्येपेक्षा (प्रकाशवेग भागिले प्रसरणाचा दर) मोठा एकजिनसी प्रदेश लागतो. या नकाशातील प्रत्येक बिंदू ही अट आधीच पुरी झाली असे धरून चालतो.

कोथरूडकर:
खोडद रेडिओ, आक्षेप योग्य आहे, पण तो वेगळा प्रश्न आहे. एकजिनसी तुकडा मिळाल्यावर क्षेत्रांची मूल्येही नेमकी निवडावी लागतात का, एवढेच इथे विचारलेले आहे. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, तर विद्यार्थिनीच्या हाती शुक्रवारपर्यंत काहीच लागणार नाही.

खोडद रेडिओ:
एकत्र करू नका, पण लिहा अवश्य. नकाशाखाली ही गृहीतके नसतील, तर वाचणारा प्रारंभिक अटींचा प्रश्नच सुटला असे समजेल.

पाषाणची वाटसरू:
थांबण्याचा नियम बदलून काल रात्री गणना लावली आणि पहाटे उठून आकृती उघडली. काळ्या भागात आता सलग पट्टे आणि वळणदार जिभा आल्या आहेत, आणि पुसलेले ठिपके त्यांच्याच मध्ये सापडले. फाय अगदी लहान आणि सिग्मा मोठे असलेला जो कोपरा मी सुरुवातीलाच वगळत होते, तिथेही यशस्वी बिंदू आहेत. मी खरोखर आभारी आहे. एकच अडचण उरली: पट्ट्यांच्या कडा खरबरीत दिसतात म्हणून एक छोटा चौकोन दहापट मोठा करून पुन्हा गणना केली, तर आत तशाच कडा आणि तशाच जिभा निघाल्या. जाळी आणखी किती बारीक करू?

कोथरूडकर:
करू नका. ती सीमारेषा फ्रॅक्टल आहे, म्हणजे कितीही मोठी करून पाहिली तरी तशीच गुंतागुंतीची दिसते, आणि क्लेस, रिंजेव्हाल व रोशे यांच्या २००९ च्या शोधनिबंधाचा हाच एक निष्कर्ष होता. कडेवरच्या शेजारी बिंदूंपैकी अनेक हेलकाव्यांनंतर काही घळीत शिरतात, तर काही थेट खड्ड्यांत अडकतात, म्हणून जाळी कितीही बारीक केली तरी कड गुळगुळीत होणार नाही. व्यापलेले क्षेत्रफळ मात्र स्थिरावते. २००, ४०० आणि ८०० च्या जाळीवर यशस्वी बिंदूंचे प्रमाण काढा, तिन्ही आकडे शेजारी छापा, आणि ते प्रमाण क्षेत्रांची सगळी मूल्ये सारखीच संभाव्य मानून काढले आहे, हे त्याच ओळीत लिहा.

पाषाणची वाटसरू:
४०० ची जाळी आत्ताच लावली आहे. एकजिनसीपणाचे गृहीतक आकृतीच्या मथळ्यातच घालते.