कनिंगहॅम: मॅटापनआधीची नोकरी

धरमपेठकर: नागपूरला आमच्या वाचनगटात रविवारी ब्रिटिश अ‍ॅडमिरल अँड्र्यू कनिंगहॅमवर बोलायचं आहे. मॅटापनला (ग्रीसजवळची १९४१ ची आरमारी लढाई) इटालियन ताफ्याला रात्री भिडायची तयारी त्याच्यात कुठून आली?

महालवाला: विनाशिकांवरून! १९११ ते १९१८ एकच जहाज, 'स्कॉर्पियन', पहिल्या महायुद्धातली डार्डनेल्स सामुद्रधुनीची मोहीमही तिच्यावरच. १९३४ पासून भूमध्य ताफ्यातल्या विनाशिकांची कमान. त्या ताफ्यात रात्रीच्या लढाईचा सराव कसून चाले. ब्रिटिश नौदलातल्या बढतीची रीतही सांगा: लेफ्टनंट ८ वर्षांनी आपोआप लेफ्टनंट-कमांडर होई, पुढे कमांडर आणि कॅप्टन मात्र निवडीनेच. तिथे पुष्कळ जण अडकत.

सदरवाले: २८ मार्च १९४१. विमानाच्या टॉर्पेडोने इटालियन क्रूझर 'पोला' बंद पडली, मदतीला 'झारा' अन् 'फ्यूमे' परत फिरल्या. इटालियनांकडे रडार नव्हतं, मोठ्या तोफा रात्री चालवायची तयारीही नव्हती. तीन ब्रिटिश युद्धनौकांनी सुमारे ३,५०० मीटरवरून मारा केला. तीन क्रूझर, दोन विनाशिका बुडाल्या.

पण भाऊ, क्रीट बेटावरची माघार वगळू नका. दोनच महिन्यांनी विमानांचं छत्र नसताना कनिंगहॅमच्या ताफ्यातल्या तीन क्रूझर, सहा विनाशिका तिथे बुडाल्या. तरी बेटावरून सैन्य बाहेर काढणं त्याने थांबवलं नाही. सुमारे १६,५०० माणसं परत आणली.

धरमपेठकर: मग अर्धा वेळ क्रीटलाच देतो.