विषय: अनगोळच्या बाल्कनीतला झेंडा

नमस्कार मंडळी,
आई बेळगावातल्या अनगोळला एकटीच असते. पंधरा ऑगस्टला तिनं बाल्कनीत तिरंगा लावला तो अजून आहे. त्याच काठीला खाली भगवा, वैशाखातल्या शिवजयंतीपासूनचा. काल इमारतीच्या कमिटीची चिठ्ठी आली: परवानगीशिवाय झेंडे लावलेत, दोन्ही उतरवा. "ती काठी तुझ्या बाबांनी ठोकलीय गं," म्हणून आई फोनवर रडली. कायदा काय सांगतो?

उत्तर:
अगं, आधी आईला फोन कर. तिरंग्याला कुणाची परवानगी लागत नाही. नवीन जिंदाल यांच्या खटल्यात २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मानानं तिरंगा फडकवणं हा राज्यघटनेच्या कलम १९ खालचा हक्क आहे. रात्री उतरवायची सक्तीही जुलै २०२२ पासून उठली. मात्र कलम १९ नागरिकांसाठी आहे. तू इथला परदेशी पासपोर्ट घेतलायस, तेव्हा कमिटीला उत्तर आईच्या नावानं, तिच्याच सहीनं जाऊ दे.

एका काठीवर दोन झेंडे मात्र चालत नाहीत. ध्वजसंहितेत ते स्पष्ट आहे. तिरंग्याच्या वर किंवा बरोबरीनं शेजारी दुसरा झेंडाही नको. कमिटीनं हे काढलेलं नाही, उद्या काढेल. म्हणून आजच भगवा वेगळा करा. घरावर भगवा लावणं हेही आपलं म्हणणं मांडणंच आहे, त्याला तेच कलम १९ आहे. एक नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाला, समोरच्या गच्चीवर कन्नड लाल-पिवळा झेंडा लागतो, त्यांचाही हक्क तेवढाच, हे पत्रात जरूर लिही. फक्त काठी स्वतःच्या बाल्कनीत हवी. सामाईक गच्ची सगळ्यांची असते, तिथं कमिटीचं ऐकावं लागेल.

आणि तिरंगा जवळून बघायला सांग. आपल्याकडच्या पावसात कापडाची कड महिन्याभरात उसवते. फाटका लावणं हा अपमान धरला जातो. जुना घरातच, चारचौघांच्या नजरेआड, मानानं जाळावा. नवा हुबळीच्या बेंगेरीतला खादीचा घ्या. २०२१ पासून पॉलिएस्टर चालतो, पण माझं मन खादीतच आहे.
तुझा काका

काका,
आईनं भगवा सोडवून देवघराच्या दाराला बांधला. तिरंग्याची हिरवी कड खरंच उसवली होती, चार बोटं. मावसभाऊ शनिवारी हुबळीला जातोय. तोवर बाबांची काठी पुसून तशीच उभी ठेवलीय. पत्राचा मसुदा रात्री पाठवते, सही आईचीच.